प्रतिक्रियेला उत्तर: आधी वाचायला बसा

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या सर्वसहमतीने कारभार चालवणाऱ्या गावावरच्या आणि तिथले पुढारी देवाजी तोफांवरच्या लेखाला तुम्ही 'आदिवासी गावाचं गुळमट कौतुक' म्हटलंत. पाचेकशे वस्ती, सगळे गोंड, सगळ्यांचं पोट एकाच जंगलावर. तिथे एकमत होणारच. आमच्या तीनशे फ्लॅटच्या सोसायटीत ओला कचरा वेगळा करा म्हटलं तरी भांडणं लागतात, असा तुमचा मुद्दा.

जंगल होतं म्हणून जमलं, हे खरंच. पण गडचिरोलीत जंगल शेकडो गावांना आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क, म्हणजे अख्ख्या गावाने मिळून जंगल राखायचा-वापरायचा हक्क, मिळाला, तोही अगदी सुरुवातीच्या गावांमध्ये. तरी वनखातं बांबू वाहतुकीचा परवाना देईना. त्यांच्या लेखी बांबू म्हणजे इमारती लाकूड. २००६ च्या वनहक्क कायद्यात मात्र बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणाऱ्या जंगलच्या मालात धरलाय, चक्क व्याख्येतच. गाव ते कलम धरून बसलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

ही तयारी झाली गावाच्या अभ्यासगटात, आणि लेखातला तोच भाग तुम्ही सोडून दिलात. अभ्यासगट काहीच ठरवत नाही. तिथे बाहेरचे लोकही बसतात, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षं बसले. कागद वाचायचे, वाद घालायचे. ठरवायचं ग्रामसभेने, सर्वसहमतीने. विरोध उरला की विषय पुढच्या सभेला. तुम्ही याला वेळकाढूपणा म्हणता. बहुमताने रेटलेला ठराव दुसऱ्या दिवशी कोण पाळतं, हे तुमच्याच प्रतिक्रियेत आहे की!

आपल्याकडे सोसायटीत वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी लागते, कोरम होत नाही, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरते आणि कंपोस्ट पिटचा (ओला कचरा जिरवायच्या खड्ड्याचा) विषय 'आयत्या वेळचे विषय' म्हणून चहा येईपर्यंत उरकतो. ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलाने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत होतं. हात वर करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचलं होतं?

सभेआधी एखाद्या रविवारी, ठराव-बिराव न करता, नुसते वाचायला बसा. सफाई कामगारांनाही बोलवा, खुर्ची देऊन; पिटला वास का सुटतो हे त्यांना कमिटीपेक्षा जास्त कळतं. एकमत होईलच असं मी म्हणत नाही. पण भांडण निदान पिट कुठे करायचा यावर होईल, कुणाच्या पार्किंगवर नाही.