झेड-९३, जाहिराती आणि घोळवलेली गाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

झेड-९३ वरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. खोचक आहे, पण विचार करून लिहिलेली आहे, त्यामुळे चार ओळींत उरकणे बरे दिसणार नाही. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाची राजधानी सान हुआन, तिथले हे सालसाचे, म्हणजे लॅटिन नृत्यसंगीताचे, रेडिओ स्टेशन मायामीच्या कंपनीच्या मालकीचे आहे, जाहिराती विकण्यासाठी ते तीच ती जुनी गाणी घोळवत बसते, सालसा मुळात क्युबाची, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी तिला फक्त नवे लेबल लावले, आणि असल्या धंद्याला मी पोर्तो रिकोची सामूहिक आठवण म्हणतो, हा निव्वळ भाबडेपणा.

मालकीबद्दल वादच नाही. कंपनी अमेरिकेतली आहे आणि तिला नफा हवा आहे. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पोर्तो रिकोत सालसा ऐकण्याचा अर्थ काय होता, तेही लक्षात घ्या. तरुणांमध्ये तेव्हा सरळ दोन तट होते. इंग्रजी रॉक ऐकणारे 'रोकेरो', बहुतेक खात्यापित्या घरांतले. सालसावाले 'कोकोलो', बहुतेक गरीब वस्त्यांतले, रंगाने सावळे-काळे. कोकोलो ही आधी शिवीच होती. पुढे लोकांनी ती मिरवायला घेतली. ज्या संगीताला बेटावरची प्रतिष्ठित मंडळी नाके मुरडत होती, ते एफएमवर दिवसभर लागणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. याच स्टेशनने १९८४ मध्ये सालसाचा 'राष्ट्रीय दिवस' सुरू केला. (सालसाचे स्पेलिंगही स्वतःच्या झेडने करून घेतले. धंदेवाईकपणा तुम्हाला हवाच असेल तर हा घ्या!) पुढे त्यासाठी सान हुआनचे बेसबॉल स्टेडियम भरू लागले. माणसे घरून घंटा आणि तालवाद्ये घेऊन येतात आणि गर्दीत बसून वाजवतात. जाहिरातदारांनी मंडप घालून दिला असेल, पण वाजवायला लोक स्वतःहून येतात.

आता क्युबा. सोन, मांबो, ग्वाराचा या ज्या संगीतप्रकारांतून सालसा घडली, ती घडण क्युबाची, हे मूळ लेखातही होते. पण क्रांतीनंतर आणि १९६२ च्या अमेरिकी निर्बंधानंतर हवाना-न्यूयॉर्क ये-जा जवळपास थांबली आणि न्यूयॉर्कमधल्या वाद्यवृंदांची सूत्रे मोठ्या प्रमाणावर पोर्तो रिकन मुलांच्या हाती आली. विली कोलोन न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मलेला, ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवणारा. त्याचा गायक एक्तोर लावो १९६३ मध्ये पोर्तो रिकोतल्या पोन्से शहराहून कोवळ्या वयात न्यूयॉर्कला गेलेला. या दोघांनी सत्तरीच्या सुरुवातीला नाताळचा 'आसाल्तो नाविदेन्यो' हा अल्बम केला आणि त्यात योमो तोरोला क्वात्रो घेऊन बसवले. क्वात्रो म्हणजे पोर्तो रिकोच्या डोंगराळ खेड्यांतले तंतुवाद्य. ब्राँक्सचा ट्रॉम्बोन आणि खेड्यातली तार एकाच गाण्यात ऐकल्यावर त्याला नुसते क्युबन म्हणायला मला तरी जड जाते.

तुमचे एक वाक्य मात्र मला मुळीच पटले नाही: 'सरकारी रेडिओ असता तर संगीताची खरी जपणूक झाली असती.' क्युबाची गायिका सेलिया क्रूझ १९६० मध्ये क्युबा सोडून गेली आणि त्यानंतर अनेक दशके तिच्या स्वतःच्या देशातल्या सरकारी रेडिओवर तिचा आवाज बंद होता. तुम्ही ज्या देशाची बाजू मांडता, तिथेच हे घडले. आपल्याकडेही केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीने सिनेसंगीत हद्दपार केले आणि लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. तिथली गीतमाला टूथपेस्टच्या पैशांवर चालत होती. अर्थात खासगी रेडिओही काही कमी नाही. मायामीच्या स्टेशनांनी क्युबात राहणाऱ्या कलाकारांना वर्षानुवर्षे दूर ठेवले, तेही राजकारणापायीच.

राहिला घोळवण्याचा मुद्दा. इथे तुमची तक्रार मला समजते, तरी निष्कर्ष माझा उलटा आहे. मी हे स्टेशन इंटरनेटवरून ऐकतो. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन. कामावर निघालेल्या माणसांसाठी लावलेली गाणी मी जेवणानंतरच्या सुस्तीत ऐकत असतो. तीच गाणी पुन्हा लागतात, हे खरे. पण आजीला आणि नातवाला एकाच गाण्याचा कोरस तोंडपाठ असतो तो त्यामुळेच. नाताळात योमो तोरोची तार वाजली नाही तर तिथल्या कित्येकांना सण लागल्यासारखा वाटत नाही. ज्याला त्याला स्वतःच्या आवडीची यादी करून देणाऱ्या ॲपला हे जमणे कठीण, कारण तिथे शेजाऱ्याच्या खिडकीतून तेच गाणे येत नाही.

आणि लोकांनी उचलून धरले की रेडिओचे नियमही वाकतात. १९७८ चे 'पेद्रो नावाखा' घ्या. रुबेन ब्लेड्सचे हे गाणे सात मिनिटांहून लांब, त्यात एक भुरटा गुंड, एक रस्त्यावरची बाई, एक सुरा, एक पिस्तूल आणि शेवटी दोन मुडदे. तीन मिनिटांच्या गाण्यांवर घड्याळ लावणाऱ्या रेडिओला हे अजिबात सोयीचे नव्हते. तरी सगळ्या लॅटिन अमेरिकेत ते वाजले.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती तुमच्या प्रतिक्रियेत नाही. सालसाच्या गाण्याचा पूर्वार्ध लिहिलेला असतो. उत्तरार्धात कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि गायक तिच्यावर आयत्या वेळी सुचेल ते रचत जातो. त्याला सोनेओ म्हणतात. लावोची सगळी करामत तिथे आहे. आणि नेमका तिथेच रेडिओचा निवेदक तोंड घालतो, किंवा गाणे हळूहळू बारीक करत फर्निचरच्या सेलची जाहिरात सोडतो. यासाठी मालकाला जे काही बोलायचे ते बोला, मी तुमच्या बाजूने आहे.

पुढचा लेख तिंबा या क्युबातल्या नृत्यसंगीतावर लिहायला घेतला आहे. त्याखाली भांडू.