पणजोबांचं नाव लंडनला नाही, तालुक्याला आहे

गेल्या वर्षभरात हा संदेश मला व्हॉट्सअ‍ॅपवर निदान नऊ जणांनी पाठवला. बहुतेक सगळे नात्यातले किंवा गावाकडचे. मी मोडी वाचतो आणि लोकांच्या वंशावळी जुळवायला मदत करतो, हे त्यांना ठाऊक आहे. संदेश असा:

"इंग्रजांनी १८८१ साली केलेल्या जनगणनेत तुमच्या पणजोबांचं नाव, जात, गाव, धंदा सगळं लिहिलेलं आहे. मूळ कागद लंडनला सुरक्षित आहेत आणि आता ऑनलाइन आले आहेत. परदेशी साइट त्यासाठी हजारो रुपये घेतात, आम्ही फक्त १,४९९ मध्ये काढून देतो. जातीच्या दाखल्याला चालतं. आपल्या माणसांपर्यंत पोचवा."

शेजारच्या वहिनींनी ते पैसे भरले. चार दिवसांनी इंग्रजीत टाइप केलेलं, वर शिक्का असलेलं एक पान आलं. त्यांच्या पणजेसासऱ्यांचं नाव, गाव, जात, सगळं बरोबर होतं. कारण ते सगळं वहिनींनीच पैसे भरताना फॉर्ममध्ये लिहून दिलं होतं. त्या दिवशी ठरवलं की या संदेशातलं एकेक वाक्य घेऊन सविस्तर लिहायचं.

"नाव, जात, गाव, धंदा सगळं लिहिलेलं आहे." लिहिलं होतं, हे खरं. १८७२च्या आसपास पहिली मोजणी झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. १७ फेब्रुवारी १८८१च्या रात्री मात्र देशभर एकदम मोजणी झाली. घरोघरच्या तक्त्यात नाव, धर्म, जात, वय, भाषा, जन्मस्थान आणि धंदा असे रकाने होते. त्या काळच्या जनगणनांत आधी काही आठवडे काळ्या शाईने तक्ते भरून ठेवत. मग मोजणीच्या रात्री पुन्हा फिरून कोण मेलं, कोण जन्मलं, कोण परगावी गेलं ते लाल शाईने दुरुस्त करत. घरातल्या बाईचं नाव सांगायला हरकत घेतली तर नुसतं 'स्त्री' लिहावं, अशी सूचनाही मोजणीदारांना असे. म्हणजे पणजी शोधायला निघालेल्यांच्या हाती तेव्हाही काही लागलं नसतं.

पण सरकारला माणसं नको होती, आकडे हवे होते. कोणत्या जिल्ह्यात किती लोक, कोणत्या जातीचे किती, किती शिकलेले, किती विधवा. १९०१ पासून तर माणसागणिक एक चिठ्ठी करत. धर्माप्रमाणे तिचा रंग वेगळा. त्या चिठ्ठ्या खणांत वाटून मोजायच्या आणि बेरजा तक्त्यात चढवायच्या. बेरजा छापून झाल्या की तक्त्यांचं आणि चिठ्ठ्यांचं काम संपलं. ते जपून ठेवलेच नाहीत, नष्ट केले. १८८१चे नाहीत, १९०१चे नाहीत, १९३१चेही नाहीत. १९३१चा उल्लेख मुद्दाम करतो, कारण सगळ्या जातींचे आकडे छापलेली ती शेवटची जनगणना, आणि तिच्या नावानेही असेच संदेश फिरतात. तिच्या खंडांत जिल्ह्यात अमुक जातीचे लोक किती हे मिळेल. त्यांतला तुमचा माणूस कोणता, हे मिळणार नाही. हैदराबाद गॅझेटचा विषय निघतो तेव्हाही हाच घोटाळा होतो. छापील आकड्यात नाव शोधता येत नाही.

याला एक अपवाद आहे. १९५१च्या जनगणनेबरोबर गावोगाव नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही (एनआरसी) तयार केली होती आणि तिच्यात नावं होती. आसाममध्ये पुढे तिच्यावरून केवढं रामायण झालं ते सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रात ती जिथं टिकली आहे तिथं तहसील कार्यालयात असते. लंडनला नसते आणि कुठल्या साइटवरही नसते.

"मूळ कागद लंडनला आहेत." लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, तिथून भारताचा कारभार पाहणाऱ्या इंडिया ऑफिसचं दप्तर आहे, ते प्रचंड आहे आणि मोलाचं आहे. पण जनगणनेचं म्हणाल तर तिथं आहेत ते छापील अहवाल. तेच अहवाल भारताच्या जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर १८७२ पासूनचे फुकट उतरवून घेता येतात. एक पैसा लागत नाही. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ते वाचावेतच. १८६४ साली मुंबई शहरात ८,१६,५६२ माणसं मोजली होती आणि १८७२ला ६,४४,४०५. मधल्या काळात अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाची तेजी कोसळली होती. तुमचा पूर्वज त्या तेजीत मुंबईला गेला आणि परत का आला, याचं उत्तर त्या दोन आकड्यांत असू शकतं. १९०१च्या मुंबई इलाख्याच्या अहवालात प्लेग आणि छप्पनचा (संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा) दुष्काळ दिसतो. १९२१ला आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या दहा वर्षांत २५.२१ कोटींवरून २५.१३ कोटींवर आली होती. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने माणसं नेली होती.

"परदेशी साइट हजारो रुपये घेतात." घेतात, पण ते त्यांच्या देशाच्या जनगणनेचे. संदेश पसरतो तो या अर्ध्या सत्यामुळे. ब्रिटनमध्ये घरोघरचे तक्ते जपून ठेवतात आणि शंभर वर्षांनी खुले करतात. त्यांची १९२१ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर आली, तेव्हा एका घराच्या नकलेला अडीच पौंड आणि मूळ पानाच्या चित्राला साडेतीन पौंड पडत. तीच पानं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसलं तर फुकट पाहता येत. जपणूक त्यांनाही सगळीकडे साधलेली नाही. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ची जनगणना १९४२च्या आगीत जळाली आणि १९४१ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. आयर्लंडची १९०१ आणि १९११ची पूर्ण फुकट आहे. अमेरिका ७२ वर्षं थांबते. तिथली १९५०ची जनगणना १ एप्रिल २०२२ला खुली झाली, तीही फुकट.

म्हणून कुणाचा आजोबा १९५०च्या आधी अमेरिकेत शिकायला गेला असेल, तर तिथं जरूर शोधा. तरी हमी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ला डॉक्टर होऊन परतल्या. अमेरिकेची जनगणना १८८०ला झाली आणि मग १८९०ला. दोन्हींच्या मधे त्या आल्या आणि गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे, जनगणनेत त्या नाहीत.

भारतीय नावं असलेल्या ज्या नोंदी परदेशी साइटवर पैसे घेऊन दाखवतात, त्या बहुतेक इथं राहिलेल्या गोऱ्यांच्या आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या चर्चमधल्या असतात. ख्रिस्ती घरांना तसल्या नोंदींचा उपयोग होऊ शकतो, पण त्यांनीही आधी आपल्या चर्चचं बाप्तिस्म्याचं पुस्तक पाहावं. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज शोध घेतात तो तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या जहाजांच्या नोंदवह्यांत. त्यांत बापाचं नाव आणि मूळ गाव असतं. तीही जनगणना नव्हे.

"जातीच्या दाखल्याला चालतं." या वाक्याने सगळ्यांत जास्त नुकसान होतं. १९४८च्या जनगणना कायद्याचं १५वं कलम स्पष्ट आहे: जनगणनेची नोंद पाहण्याचा हक्क कुणालाही नाही, आणि दिवाणी खटल्यात ती पुरावा म्हणून चालत नाही. हे कलम लोकांच्या भल्याचं आहे. मोजणीदाराला सांगितलेलं आपल्यावर उलटणार नाही, या भरवशावर माणूस खरं बोलतो. त्यात कुणी काही लपवत नाही.

दाखल्याला लागतो तो मानीव तारखेच्या, म्हणजे त्या-त्या प्रवर्गासाठी सरकारने ठरवलेल्या तारखेच्या, आधीचा महसुली किंवा शाळेचा कागद. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधल्या त्याही अशाच कागदांत: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना १४, शाळेची जनरल रजिस्टरं.

यातला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर, मला सगळ्यांत जवळचा. बाळाला अजून नाव नसतं, म्हणून 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. पण बापाचं नाव असतं, जात असते. मृत्यूच्या रकान्यात कारण असतं: ताप, देवी, पटकी. जुनी पानं मोडीत आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. वंशावळीसाठी याहून सोपा कागद वारसाचा फेरफार. खातेदार कधी वारला, मागे मुलगे-मुली-बायको कोण, हे त्यात एका परिच्छेदात मिळतं. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे आता महाभूमी या सरकारच्या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना मिळतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा. दाद लागली नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे, आणि नक्कल दोन रुपये पान. शाळेतून प्रवेश-निर्गमाचा उतारा घ्यावा. कोल्हापूर-सांगलीकडे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा हेळवी दारात आला तर त्याला बसवून घ्या, त्याच्याकडे तुमच्या घराण्याच्या पिढ्या आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर पूर्वजाची स्वतःची सहीसुद्धा सापडते. या कशालाही १,४९९ लागत नाहीत. फेऱ्या मात्र लागतात, आणि मोडी वाचणारा माणूस.

वहिनींबरोबर मी तहसीलला तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला गठ्ठा मिळाला. पणजेसासरे म्हातारपणी गेले असं घरात सगळे समजत होते. नोंद ऑक्टोबर १९१८ची निघाली. वय ३२, जात, बापाचं नाव, कारण 'ताप'. वहिनींनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग पानावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, याच पानावर तापाने गेलेले आणखी किती आहेत.

मी मोजले. अकरा होते.