म्हणे, बोलायचंच तर आहे!

सोसायटीच्या मीटिंगमधून आत्ताच वर आले. डोकं तापलेलं आहे तोवर लिहून टाकते, थंड झालं की उगाच समजूतदारपणा सुचतो.

कोजागरीच्या कार्यक्रमाचा खर्च ठरत होता. साउंडवाल्यापुढे आकडा, मांडववाल्यापुढे आकडा, दूध आटवणाऱ्या आचाऱ्यापुढे आकडा. गाणारे, तबला, कीबोर्ड, सगळ्यांपुढे आकडे. वरून शूटिंग करायला ड्रोन! (तीन विंग आणि एक कायम बंद असलेलं कारंजं. कशाचं शूटिंग करणार आहे तो ड्रोन?) आणि निवेदनापुढे नुसती रेघ. मी विचारलं, हे काय? खजिनदार म्हणाले, "बी विंगमधल्या ताई करतात ना दरवर्षी. बोलायचंच तर आहे." मागून एक चिरंजीव म्हणाले, "काकू, नाहीतर एआयचा आवाज लावू. फुकट होतो." हशा. त्या ताई तिथेच बसल्या होत्या, त्याही हसल्या. मला ते त्यांचं हसणं जास्त लागलं.

मी म्हटलं, अरे, दूरदर्शनवर नट-नट्यांच्या मुलाखती घेणाऱ्या तबस्सुमला पाहिलं नाहीत का कधी? तर आमच्याच वयाचे एक गृहस्थ, ज्यांनी तिला नक्की पाहिलंय, तिच्या हसण्याची नक्कल करून मोकळे झाले. "मुलाखत कमी आणि ही-ही-ही जास्त!" पुन्हा हशा.

बरं. आता माझं ऐका.

माझी मावशी शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी निवेदन करायची. गणपती, नवरात्र, सुगम संगीत, बँकांची स्नेहसंमेलनं, कुणाचा निरोप समारंभ. नाशिकमध्ये पंचवटी, सिडको, नाशिकरोड, बोलावतील तिथे. काका स्कूटरवर सोडायचे आणि शेवटच्या रांगेत बसून डुलक्या काढायचे. एका गणपतीत मुंबईहून गायिका यायच्या होत्या. मैदान भरलं, आरती झाली, आणि इगतपुरीहून कुणीतरी एसटीडी करून कळवलं की घाटात ट्रक आडवा झालाय, गाडी अडकली आहे. मोबाइलचा जमाना नव्हता. कार्यकर्त्यांचे चेहरे पडले. पुढच्या रांगेतली पोरं खुर्च्या वाजवायला लागली. मंडळाचे अध्यक्ष मावशीला म्हणाले, "ताई, जरा सांभाळून घ्या."

जरा म्हणजे पावणेदोन तास.

मावशीने माइक घेतला आणि सरळ सांगून टाकलं की बाई कसारा घाटात अडकल्या आहेत. मग विचारलं, "आपल्यापैकी घाटात सगळ्यात जास्त वेळ कोण अडकलंय?" झालं! नाशिककराला याहून जिव्हाळ्याचा प्रश्न कुठला विचारणार? पन्नास हात वर. देवळालीचे एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा उठले, त्यांनी गाडी घाट चढताना मागून जादा इंजिनं कशी लावतात ते हातवारे करून सांगितलं. एका काकूंनी बंद पडलेल्या ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्यांवर बसून काढलेली रात्र सांगितली. मावशी प्रत्येकाला एक छोटासा प्रश्न विचारायची, आणि मग गप्प. माणूस अडखळला की हसायची. त्याला नाही, त्याच्याबरोबर. तेवढ्यात त्याला पुढचं वाक्य सापडायचं. गायिका येऊन पोचल्या तेव्हा लोक ओरडत होते, "थांबा, काकूंचं पूर्ण होऊ द्या!"

हे मावशी शिकली कुठे? तबस्सुमकडे. वाड्यात टीव्ही एकाच घरी होता, तिथे दारात बसून. आम्हा पोरांचं लक्ष नट-नट्यांच्या कपड्यांकडे, हिचं लक्ष तबस्सुमकडे. पाहुणा घाबरलाय हे तिला कसं कळलं, प्रश्न कुठे तोडला, नाव घेताना आवाज किती चढवला. घरी येऊन पाठकोऱ्या कागदांवर लिहून ठेवायची.

तुम्हाला ती नुसती हसरी बाई वाटते ना? बाई वयाच्या तिसऱ्या वर्षापासून कामाला लागली होती. ९ जुलै १९४४ चा जन्म, मुंबईचा, आणि १९४७ मध्ये बेबी तबस्सुम म्हणून पडद्यावर. 'दीदार'मध्ये नर्गिसचं लहानपण तिने केलं, ते १९५१ साल. तुमची-आमची मुलं तिसऱ्या वर्षी प्लेग्रुपमध्ये डबा सांडत असतात. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम, दोघंही स्वातंत्र्यचळवळीतले. वडिलांनी बायकोच्या धर्माचा मान ठेवून मुलीचं नाव तबस्सुम ठेवलं आणि आईने नवऱ्याच्या धर्माचा मान ठेवून किरणबाला. लग्नाआधी कागदोपत्री ती किरणबाला सचदेव. हे आज एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बघा, काय काय वाचायला मिळेल. असो, तो विषय वेगळा. लग्न विजय गोविलांशी, म्हणजे टीव्हीवरचा राम तिचा धाकटा दीर. हे सांगितलं की मात्र सगळे "हो का?" म्हणून सरसावून बसतात!

१९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी तिचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'. ते चाललं १९९३ पर्यंत. एकवीस वर्षं. कृष्णधवल टीव्ही रंगीत झाला, अँटेना जाऊन केबल आली, आमच्या पिढीची लग्नं होऊन पोरं शाळेत गेली, ही तिथेच, केसांत गुलाबाचं फूल खोवून. देशातला पहिला टॉक शो म्हणतात त्याला. तोपर्यंत हिरो-हिरॉईन दिसायचे ते दुसऱ्याने लिहिलेले संवाद म्हणताना. स्वतःचं वाक्य बोलताना त्यांचीही तारांबळ उडते, हे आपल्याला पहिल्यांदा हिने दाखवलं. आणि ती तारांबळ झाकायला हसली, तर आपण पन्नास वर्षं तिच्या हसण्याची नक्कल करतोय.

हो, कधीकधी जास्त व्हायचं ते हसणं. विनोदही तेच ते असायचे. मान्य. पुढे चला.

कारण हसण्याची ही तक्रार पुरुष निवेदकाबद्दल मी कधी ऐकली नाही. तो हसला तर दिलखुलास. तो सारखा बोलला तर वक्ता. बाई सारखी बोलली तर "बोलायचंच तर आहे."

मावशीच्या गणपतीतल्या त्या रात्रीचं अजून सांगायचं राहिलंय. कार्यक्रम संपला, स्टेजच्या मागे पाकिटं वाटली. गायिकेला पाकीट, साहजिक. वादकांना पाकिटं. साउंडवाल्याला पाकीट. खुर्च्यावाल्याचा पोरगा हटून बसला होता, त्यालाही दिलं. मावशीला शाल आणि नारळ. आणि अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही तर घरच्याच."

घरच्याच! पावणेदोन तास ज्या बाईने मैदान बसवून ठेवलं, जिच्यामुळे तुमच्या मंडळाच्या खुर्च्या शाबूत राहिल्या, ती घरची. आणि जो पोरगा खुर्च्या मोजत होता तो बाहेरचा, म्हणून त्याला पैसे. मी तेव्हा कॉलेजात होते. मला एवढा राग आला होता की मी तो नारळ तिथेच ठेवून निघाले, मावशी परत जाऊन घेऊन आली. म्हणाली, "नारळाने काय केलंय?" दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या केल्या. उत्तम झाल्या होत्या, हे राग असूनही सांगायला हवं.

फुकट, नाहीतर चार पैशांत बोलणाऱ्यांची परंपरा जुनीच आहे म्हणा. रेडिओवरचे अमीन सयानी! त्यांचं नाव काढलं की आमचे हेच गृहस्थ डोळे मिटून "बहनो और भाइयो" म्हणतात. १९५२ साली बिनाका टूथपेस्टची गाण्यांची 'गीतमाला' सुरू झाली ती रेडिओ सिलोनवर, कारण इकडे आपले मराठी मंत्री बाळकृष्ण केसकर आकाशवाणीवर सिनेमाची गाणी नकोत म्हणून अडून बसले होते. सगळा देश कोलंबोला कान लावून बसला. त्या कार्यक्रमाचे अमीनभाईंना मिळायचे आठवड्याला पंचवीस रुपये. तेवढ्यात लिहायचंही त्यांनी, बोलायचंही त्यांनी आणि पत्रंही त्यांनीच चाळायची. एवढ्याशा पैशांत करायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून काम आपल्याकडे आलं, असं ते स्वतः सांगायचे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली! पुढे दर आठवड्याला हजारोंच्या घरात पत्रं. विचार करा, टूथपेस्ट कुणाची खपली आणि पंचवीस रुपये कुणाला मिळाले. पुढे त्यांचं नाव झालं, पद्मश्री मिळाली, सगळं झालं. पण सुरुवात तीच, "बोलायचंच तर आहे" छापाची.

आणि ते साधं बोलणं आपोआप येत नाही हो. अमीनभाईंची आई, कुलसुम सयानी, गांधीजींच्या सांगण्यावरून 'रहबर' नावाचं पाक्षिक काढायची. देवनागरी, उर्दू आणि गुजराती, तीन लिप्यांत, आणि भाषा सगळ्यांना कळेल अशी सोपी हिंदुस्तानी. पोरगं त्या कामात हात लावत मोठं झालं. म्हणून तो आवाज पानटपरीवरही कळायचा आणि बंगल्यातही. आता तुमच्या एआयला कुठली आई आणि कुठलं पाक्षिक?

हो, हो, एआय अडखळत नाही, उच्चार शुद्ध करतो, चहासुद्धा मागत नाही. ठीक आहे. घाटात गाडी अडकली की त्याला म्हणावं, सांभाळून घे जरा.

आता निवेदकांचीही बाजू फार ताणत नाही. आमच्या कालिदास कलामंदिरात हल्ली जे काही ऐकायला मिळतं, त्यातल्या निम्म्या मंडळींचा माइक काढून घ्यावासा वाटतो. "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत! आवाज येत नाहीये नाशिक!" अरे, आम्ही काय पिठाची गिरणी आहोत का, बटण दाबलं की आवाज करायला? एका गाण्याआधी चार शेर, त्यातले दोन चुकीचे, आणि कवीचं नाव तिसऱ्याचंच. हे लोक भरपूर पैसे घेतात, तेही मला माहीत आहे. पण गंमत बघा. ओरडणाऱ्याला पैसे आहेत. तयारी करून, कलाकाराचं नाव दोनदा विचारून घेऊन, मोजकं बोलून बाजूला होणाऱ्या बाईला शाल.

आणि हे त्या नाशिकमध्ये, जिथे गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर लोक मे महिन्याच्या उकाड्यात निव्वळ बोलणं ऐकायला जमतात. १९२२ पासून वसंत व्याख्यानमाला चालू आहे आपल्याकडे! ऐकण्याची एवढी हौस असलेलं गाव आणि बोलणाऱ्याचा हिशोब करताना हात आखडतो.

हे लिहिता लिहिता मध्येच मावशीला फोन केला. आता ती ऐंशीच्या घरात आहे, कानाला कमी येतं, आवाज मात्र तसाच. मी मीटिंगचं सगळं सांगितलं. तर ती हसली आणि म्हणाली, "अगं, मी तरी कुठे कधी मागितले?" मला तिचाच राग आला. का नाही मागितलेस? तू मागितले असतेस तर आज बी विंगमधल्या ताईंना मागता आले असते. मी तसं बोललेही, जरा जोरातच. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मागितले असते तर पुढच्या वर्षी बोलावलं नसतं. आणि मला तिथे उभं राहायचं होतं."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. शाळेतून येऊन, स्वयंपाक उरकून, साडीला पिन लावून ती ज्या उत्साहाने निघायची तो मला आठवतोय. त्या माइकसमोर तिला कुणी बाई म्हणत नव्हतं, वहिनी म्हणत नव्हतं. मंडळाने तिला फसवलं असेल, पण तिने त्या पावणेदोन तासांतून काहीतरी मिळवलं, जे पाकिटात बसलं नसतं. म्हणून पाकीट द्यायचं नाही, असा याचा अर्थ कुणी कृपया काढू नये. आमच्या ग्रुपवर असे अर्थ काढणारे आहेत, म्हणून आधीच लिहिते.

तबस्सुमने मात्र हे ओळखलं होतं, असं मला वाटतं. त्या एका कार्यक्रमावर ती विसंबून राहिली नाही. पंधरा वर्षं 'गृहलक्ष्मी' मासिकाची संपादक होती, १९८५ मध्ये स्वतः सिनेमा काढला, स्वतः दिग्दर्शित केला, आणि सत्तरी ओलांडलेली बाई यूट्यूबवर स्वतःचं चॅनेल चालवून जुन्या लोकांच्या गोष्टी सांगत होती. ना कुणाची परवानगी, ना कुणाचा नारळ. १८ नोव्हेंबर २०२२ ला गेली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आणि बातमी बाहेर आली ती अंत्यसंस्कार आटोपल्यावर. तशी तिचीच इच्छा होती, असं मुलाने सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं येणं-जाणं जाहीर करणाऱ्या बाईने स्वतःचं जाणं कधी जाहीर करायचं तेही ठरवून ठेवलं होतं. आता करा नक्कल.

मावशीचं नाव इथे लिहायला तिने मनाई केली आहे, त्यामुळे कमेंटमध्ये विचारू नका. ज्यांना ओळखू आली त्यांनी गप्प बसा. पण तुमच्या मंडळात, शाळेत, बँकेत, आकाशवाणीच्या नैमित्तिक उद्घोषकांत ज्या कुणी "घरच्या" म्हणून फुकट बोलल्या, त्यांच्याबद्दल लिहा. त्यांना विचारून लिहा. जुने फोटो असतील तर टाका, आणि स्टेजवरच्या सगळ्या पाहुण्यांच्या नावांनंतर शेवटी नाही, आधी निवेदिकेचं नाव टाका. फोटोत ती बहुतेक कडेला, अर्धी कापलेली सापडेल.