आधी आग विझवा, मग रोपांचं बघू

कुठल्याही अभयारण्यात जंगल ‘परत आणल्याची’ बातमी आली की मी तिच्यात एकच गोष्ट शोधतो. शेजारचा एखादा तुकडा मुद्दाम हात न लावता ठेवला होता का, आणि तिथे काय झालं? बहुतेक वेळा याचं उत्तर सापडत नाही. किती लाख रोपं लावली ते मात्र ठळक अक्षरांत असतं. त्यातली किती जगली हे बघायला नंतर कुणी फिरकत नाही.

म्हणून कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्राबद्दल लिहितोय. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचं पानझडी जंगल १९८०च्या दशकात दोन टक्केही धड उरलं नव्हतं. त्याच्या जागी कुरणं होती आणि कुरणांत आफ्रिकेतून आणलेलं, माणसाच्या उंचीचं हारागुआ गवत. कोरड्या महिन्यांत ते वाळायचं, माणसं आग लावायची. आगीत जंगलाच्या कडेची रोपं मरायची आणि गवत मात्र पुन्हा फुटायचं. असं दरवर्षी जंगल मागे सरकत गेलं.

डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स हे शास्त्रज्ञ दांपत्य तिथे आधीपासून सुरवंट, बिया, झाडं यांचा अभ्यास करत होतं. त्यांचं निदान साधं होतं: बिया येतातच आहेत, आग त्यांना टिकू देत नाही. मग आसपासच्या गावांतलीच माणसं आगीवर नजर ठेवायला नेमली. गुरं लगेच हाकलली नाहीत, कारण ती चरून गवत खुजं ठेवत होती आणि त्यामुळे आगीला जळण कमी मिळत होतं. (गुरं म्हणजे जंगलाची शत्रू, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.) आधी वाऱ्यावर उडणाऱ्या बियांची झाडं आली, मग पशुपक्ष्यांनी आणलेल्या बियांची. माणसांनी लावलेली झाडं त्यात फारच थोडी.

हीच युक्ती जास्त पावसाच्या बाजूला चालेना. तिथल्या झाडांच्या बिया मुख्यतः प्राण्यांकडून पसरतात आणि उघड्या कुरणात ते प्राणी यायला धजत नाहीत. मग गवताला सावलीनं मारायला तिथे शिवण लावली. हो, आशियातली, आपल्या ओळखीचीच शिवण. तिच्या खाली स्थानिक झाडं वर आली. मी स्वतः देशी झाडांचा कट्टर पक्षपाती आहे, तरी इथे मान तुकवतो. नियम पाठ असण्यापेक्षा ती जमीन ठाऊक असणं जास्त कामाला येतं.

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा संत्र्याच्या सालींचा. १९९०च्या दशकात डेल ओरो या रस काढणाऱ्या कंपनीशी करार झाला. कंपनीने जंगलाला लागून असलेली स्वतःची जमीन संरक्षित क्षेत्राला द्यायची आणि बदल्यात साली-चोथा तिथल्या ओसाड कुरणावर टाकायचा. तीन हेक्टरांवर सुमारे १२,००० टन माल पडला. एक प्रतिस्पर्धी कंपनी ‘राष्ट्रीय उद्यान घाण केलं’ म्हणून कोर्टात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. पुढे सगळे विसरूनही गेले. सोळा वर्षांनी संशोधक आले तर तिथली भलीमोठी पाटीसुद्धा वेलींत गडप झालेली! रस्त्याच्या पलीकडे साली न टाकलेलं कुरण होतं, त्याच्याशी मोजून ताडलं. जमिनीवरचा जैवभार, म्हणजे झाडाझुडपांचं एकूण वजन, १७६ टक्क्यांनी जास्त निघाला. २०१७मध्ये हे प्रसिद्ध झालं. पलीकडचा तो रिकामा तुकडा नसता तर ही नुसती ऐकीव गोष्ट राहिली असती. सालींनी गवत गुदमरलं म्हणून हे झालं, की मातीला खत मिळालं म्हणून, हे या एका प्रयोगातून वेगळं करता येत नाही. म्हणून उद्या कुणी दिसेल त्या माळावर साली ओतायला निघू नये.

आता शिक्षण. निसर्ग शिक्षण म्हटलं की फलक, घोषणा आणि चित्रकला स्पर्धा यांच्या पुढे गाडी सहसा जात नाही. ग्वानाकास्तेत आसपासच्या शाळांतली चौथी ते सहावीची मुलं थेट जंगलात जीवशास्त्र शिकतात. त्यांच्याकडून ‘जंगल वाचवा’ म्हणवून घेणं हा हेतूच नाही. समोरचं पान कुणी कुरतडलं, हे त्यांना ओळखता यावं एवढीच अपेक्षा. मला हे फार आवडतं.

मोठ्यांसाठीही तसंच. १९८९पासून गावातल्या, फारसं शिक्षण न झालेल्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन परावर्गीकरणतज्ज्ञ (पॅराटॅक्सॉनॉमिस्ट), म्हणजे जाती ओळखणाऱ्या शास्त्रज्ञांचे जंगलातले मदतनीस, म्हणून नेमलं गेलं. सुरवंट गोळा करायचे, कोणत्या झाडावर सापडला ते लिहायचं, वाढवायचे, बाहेर काय पडतं ते नोंदवायचं. २००४मध्ये अस्ट्राप्टेस फुल्जरेटर या ‘एका’ फुलपाखरात दहा जाती दडल्या आहेत, असं डीएनएच्या आधारे मांडलं गेलं. प्रौढ फुलपाखरं जवळपास सारखीच दिसतात. सुरवंटांचे रंग आणि खाण्याची झाडं मात्र वेगळी, आणि ते कळलं या वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळे. ही माणसं पगारी आहेत, हे मुद्दाम सांगतो. लोकसहभागाच्या नावाखाली फुकट राबवून घेतलं असतं तर त्या वह्या पहिल्या पावसाळ्यापलीकडे गेल्या असत्या असं मला वाटत नाही.