चौतीसचे अकरा

परवा दादरच्या माझ्या दवाखान्यात एका काकांनी माझा व्हिडिओ काढला. गुन्हा काय, तर मी त्यांच्या पुतणीच्या दाढा साफ करत होतो.

पुतणी तेरा वर्षांची. दुसऱ्या एका क्लिनिकात लेझरने तपासून पाच फिलिंग सांगितलेली. काकांच्या फोल्डरमध्ये तो कागद होता: पाच दाढा, पाच आकडे, त्यातल्या ३४ ला लाल पेनाने गोल. काका बँकेतून निवृत्त. आकडा कागदावर आला की त्यांच्या लेखी तो पास झालेला.

"साफ कशाला करताय?" ते ओरडले. "पुरावा जाईल ना!"

आता यांना काय सांगायचं? कीड तपासायचं हे लेझरचं यंत्र पेनासारखं असतं, त्याच्या टोकातून, म्हणजे टिपमधून, ६५५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश दातावर पडतो. किडलेल्या भागात जंतूंनी केलेली पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात, ती या प्रकाशात चमकतात, आणि ती चमक मोजून यंत्र ० ते ९९ मधला आकडा दाखवतं. पण चमक कोणाची, हे त्याला कळत नाही. खाचेतला प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, चमकतो, टार्टर चमकतं, चहाचे डाग चमकतात, काही जुनी फिलिंगसुद्धा चमकतात. वर गंमत अशी, की पॉलिशची पेस्ट खाचेत अडकून राहिली तर तीही चमकते. म्हणजे दात साफ केला नाही तरी आकडा फुगतो, आणि साफ करून नीट धुतला नाही तरी फुगतो.

म्हणून धुतलं, भरपूर धुतलं. कापसाचे रोल लावले, हवा मारून दाढ कोरडी केली. टिप सिरॅमिकच्या चकतीवर टेकवून यंत्र कॅलिब्रेट केलं आणि मग समोरच्या निरोगी दाताच्या मध्यावर शून्य घेतलं.

"शून्य तुम्हीच लावलंत?" मोबाइल जवळ आला. "मग आकडा कमीच येणार!"

"काका, वजनकाटासुद्धा आधी शून्यावर आणतात."

"भाजीवाला आणतो का?"

याला उत्तर नव्हतं. टिप खाचेवर उभी धरून सगळीकडून थोडी थोडी कलवावी लागते, कारण कीड बहुतेक वेळा खाचेच्या भिंतीत दडलेली असते. आकडा चढतो तसा यंत्राचा आवाजही चढतो. झालं! काकांनी समालोचन सुरू केलं. "चढला... चढला... सोनू, हलू नकोस... उतरला! डॉक्टर, तुम्ही हात काढलात!" तोंडात रोल कोंबलेली सोनू डोळ्यांनीच माझी माफी मागत होती.

चौतीसवाली दाढ: ११.

"परत घ्या."

११.

"मागच्या बाजूने?"

१२.

"बघा, वाढतोय!" मग अचानक त्यांचा चेहरा उजळला. "कळलं. तुमच्या लेझरने कीड मेली. आणखी दोनदा मारून टाका."

हा लेझर एक मिलिवॉटचाही नसतो, त्याने मुंगीदेखील मरणार नाही, तो फक्त बघतो, हे मी सांगितलं. काकांनी व्हिडिओ थांबवला आणि थंडपणे विचारलं, "मग फी कसली?"

इथे माझं डोकं खरंच फिरलं. पाचपैकी चार दाढा साफ केल्यावर ठणठणीत निघाल्या. पाचवीचा आकडा २२, आणि कोरडी केल्यावर खाचेच्या कडेला पांढुरका डाग दिसला. इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातली, सुरुवात, खड्डा नाही. तिला ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश लावलं. त्या रात्री ब्रश नाही, कडक-गरम काही नाही. बाकीच्या खोल खाचांना सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा लेप, सुचवलं. सीलंट बसलं की मात्र त्या दाढेवर या यंत्राच्या आकड्याचा भरवसा धरायचा नाही. दोन दातांमधल्या फटीसाठी बाइटविंग एक्स-रे सांगितला, कारण खाचेची टिप तिथे पोचत नाही.

साधारणपणे १३ पर्यंत निवांत, ३० च्या वर कोरण्याचा विचार. मधला पट्टा डॉक्टरच्या डोळ्यांचा आणि पेशंटच्या खाण्यापिण्याचा. या हद्दी सगळे सारख्याच आखत नाहीत, आणि नुसत्या आकड्यावर तर कोरायचंच नसतं. हे यंत्र कीड हुडकण्यात तरबेज आहे, पण डोळ्यांनी केलेल्या तपासणीपेक्षा निरोगी दातावर जास्त वेळा आळ घेतं. एकदा कोरलेलं इनॅमल परत येत नाही. फिलिंग कधीतरी बदलावं लागतं आणि दर वेळी खड्डा थोडा मोठा होतो. पण मी पाच खड्डे केले असते तर काकांनी पैसे निमूट मोजून पावती फोल्डरला लावली असती. चार दात वाचवले, तर "केलंत काय?"

शेवटी पुतणीच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून पाचशे रुपये निघाले. वर मागणी: "११ असं लेटरहेडवर लिहा, शिक्का मारा. आणि खाली लिहा, पुन्हा वाढल्यास मोफत."

शिक्का मारेपर्यंत काका स्वतःच खुर्चीत आडवे झाले होते. "आलोच आहे तर माझाही आकडा काढा. त्याच फीमध्ये." मागच्या सगळ्या दाढांवर धातूच्या कॅप.

"कॅपवर हे चालत नाही, काका."

"म्हणजे शून्य?"

"म्हणजे काहीच नाही."

"शून्यच लिहा," काका म्हणाले. "घरी दाखवायचंय."