ऑडिटरचं ऑडिट

सीएची आर्टिकलशिप, म्हणजे ऑफिसातली उमेदवारी, सुरू झाली की पहिल्याच दिवशी बजावतात, कोणाच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, कागद मागायचा. दादरच्या एसी ऑफिसात हे तत्त्व फार पटतं. कुडाळ-मालवण एसटीत ते पहिल्या तिकिटापर्यंतही टिकलं नाही.

"गाव खंयचा?" कंडक्टरने विचारलं.

"डोंबिवली."

"डोंबिवली कोणाचा गाव नसता. मूळ सांग."

मूळ सातारा निघालं. पुढचे प्रश्न वडिलांची नोकरी, माझा पगार आणि लग्न या क्रमाने आले. कागद एकही मागितला नाही, तरी माहिती पूर्ण मिळवली. मालवण येईपर्यंत मागच्या सीटवरच्या आजींनाही माझा स्टायपेंड पाठ होता, आणि त्यांना तो अजिबात पटला नव्हता.

काम होतं एका मच्छीमार सहकारी संस्थेचं. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैच्या आत ऑडिट व्हायला हवं. यांत्रिक मासेमारीची पावसाळी बंदीही १ जून ते ३१ जुलै. म्हणजे होड्या किनाऱ्यावर ओढून, नारळाच्या झापांनी शाकारून सगळे सभासद रिकामे होतात, नेमका तेव्हाच ऑडिटर पोचतो. संस्थेच्या पडवीत तांडेल, म्हणजे होड्यांची म्होरकी मंडळी जाळी दुरुस्त करत बसायची आणि एक डोळा माझ्या कीर्दीवर ठेवायची.

"हिरवी टिक कित्याक मारतंस? लाल कित्याक नाय?"

"लाल पेन सीनियरचं असतं."

"म्हणजे तुका पेन पण मिळूक नाय," असं म्हणून त्यांनी स्टायपेंडच्या आकड्यासारखीच मान हलवली.

ऑडिटर म्हणजे सरकार, ही पडवीची ठाम समजूत. त्यामुळे सरकारकडे थकलेला डिझेलचा परतावा कधी मिळणार, हे रोज सकाळी मलाच विचारलं जाई. मी खतावणीत तोंड खुपसायचो.

संस्थेचा बर्फाचा कारखाना होता. ताळेबंदात ३१ मार्चच्या शिल्लक मालात बर्फाच्या लाद्या दाखवलेल्या. नवा उत्साह होता, त्यामुळे मी प्रत्यक्ष पडताळणीचा हट्ट धरला. सेक्रेटरीकाका छत्री घेऊन निघाले, कारखान्याच्या मागे मला उभं केलं आणि धो धो वाहणाऱ्या गटाराकडे बोट दाखवलं.

"ह्यो स्टॉक. मोजून घ्या."

मोजला नाही. एप्रिलच्या विक्रीच्या पावत्या मागून उलटा हिशेब लावला आणि मुकाट हिरवी टिक मारली.

खरी मजा व्हाउचरांत होती. 'ऑडिटर चहापाणी' म्हणून एक दणदणीत रक्कम सापडली, मागे बिल नाही. मी भुवया उंचावल्या. भुवया उंचावणं ही आमच्या धंद्यातली निम्मी कला आहे.

"सुरमई," काका म्हणाले. "गेल्या खेपेक ऑडिट लांबला, ऑगस्ट उजाडलो. बंदी उठलेली, ताजी सुरमई इलेली. बिल खाणाऱ्यांकडे मागा."

माझ्या पानात मात्र जुलै होता. मच्छीमार संस्थेचं ऑडिट आणि जेवायला फणसाच्या आठळ्यांची भाजी, फार तर सुका बांगडा. ऑडिटं वेळेत का होत नाहीत, यावर वरचे साहेब परिपत्रकं काढत असतात. त्यांनी एकदा जुलैत इथे जेवायला यावं.

राहायची सोय काकांच्या ओळखीच्या एका घरात होती. तिथल्या आजी रात्री लाईट गेली की कंदील लावून समोर बसत. आई आजारी असते का, बहीण कुठे दिली, घर भाड्याचं की स्वतःचं. मी उडवाउडवी केली की म्हणत, "काल वेगळा सांगितलंस," आणि मला कालच्या उत्तरावर परत आणत. आमच्या फर्मच्या पार्टनरांनाही अशी उलटतपासणी जमत नाही. जाताना त्यांनी माझा ऑडिट रिपोर्ट तोंडी दिला. पगार कमी, काटे काढता येत नाहीत, लग्न प्रलंबित.

पुढचा मुक्काम देवगडला, आंब्यावाल्यांच्या संस्थेत. भिजलेली बॅग पायरीवर टेकवून नाव सांगायला तोंड उघडलं, तोच आतून आवाज आला.

"सातारचे डोंबिवलीकर ना? या, बसा. हिला सांगितलंय, आठळ्या करू नको म्हणून."

याला आमच्याकडे त्रयस्थाकडून खातरजमा म्हणतात, आणि तिच्यासाठी आम्ही संस्थेशी व्यवहार असलेल्या पार्ट्यांना पत्रांवर पत्रं पाठवत असतो.