ओटीपी कोणाच्या मोबाईलवर?

सरकारी योजनांच्या अर्जांची छाननी संगणकाने केली की वशिला चालत नाही, असं एका लेखात म्हटलंय; ते खरंय. तलाठ्याच्या दारात चपला झिजवलेल्यांना तर लगेच पटेल. पण २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे लाभार्थींची ऑनलाइन ओळख-पडताळणी आली, तेव्हा पोर्टलने लाभार्थीसोबत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी मागितला. नवरा वारलेला, वडीलही नाहीत, अशा बाईने काय भरायचं? महिना दीड हजार तिलाच तर सगळ्यात जास्त लागतात! शेवटी मुदत वाढवली, मृत्यूच्या दाखल्याची प्रत सरकारी कार्यालयात द्यायला सांगितलं. म्हणजे पुन्हा झेरॉक्स, पुन्हा रांग. फॉर्म आखताना एखाद्या अंगणवाडी सेविकेला नुसतं विचारलं असतं तरी हे टळलं असतं.